पाळीचे तास आणि श्रमिकाचे शरीर

कारखान्यातील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी मान्यता दिली. दुकाने व अन्य आस्थापनांतील मर्यादा नवावरून दहा तासांवर आणि कारखान्यांतील ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचेही त्याच वेळी ठरले. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. ह्या निर्णयांवर जी चर्चा झाली ती मुख्यतः गुंतवणूक, रोजगार आणि वेतन ह्या तीन शब्दांभोवती फिरत राहिली. बारा तास यंत्रापुढे घालविलेल्या माणसाच्या शरीरास उरलेल्या बारा तासांत काय मिळते, हा प्रश्न फारसा कोणी उपस्थित केला नाही.

एकीकडे तास वाढवावयाचे आणि दुसरीकडे जनतेस व्यायामाचा उपदेश करावयाचा, असा हा मामला आहे. केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ मोहिमेचा प्रारंभ केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा, असे सांगितले आहे. हे सूत्र शास्त्राला धरून आहे. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो ही १५० मिनिटे कोणाच्या दिवसातून काढावयाची, ह्याविषयी. ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा आहे त्याला हा उपदेश उपयोगी पडेल. ज्याचा दिवस आणि रात्र दर आठवड्यास हजेरीबुकाप्रमाणे बदलते, त्याच्या बाबतीत तो उपदेश म्हणजे भुकेल्यास पथ्य सांगण्यासारखे आहे.

मोठ्या कारखान्यांची गर्दी नसलेल्या परभणी जिल्ह्याचा ह्या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. जिल्ह्याकडे पाळ्यांच्या दृष्टीने पाहिले म्हणजे ह्या शंकेचे उत्तर मिळते. पूर्णा हे रेल्वेचे जुने जंक्शन. इंजिनचालक, गार्ड, पॉइंट्समन, स्टेशनमास्तर ह्यांचे खाणे-झोपणे तेथे गाड्यांच्या वेळांना बांधलेले असते. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी येथील एस. टी. आगारांतून पहाटेची पहिली गाडी काढणारे आणि रात्री आडगावी मुक्कामी गाडी नेणारे चालक-वाहक आहेत. सरकारी दवाखान्यांत तीन पाळ्यांत राबणाऱ्या परिचारिका आहेत. मानवत आणि सेलू ह्या कापसाच्या बाजारपेठांत हंगाम आला की जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे दिवस-रात्र पाहत नाहीत. उसाच्या गाळपाच्या दिवसांत साखर कारखाने अहोरात्र चालतात आणि त्यांच्या मागे ऊसतोडीची टोळी रात्रीबेरात्री गाड्या भरते. शिवाय पेट्रोल पंप, एटीएम, गोदामे ह्यांच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला सुरक्षारक्षक आहेच. आणि ज्यास कोणी पाळीचा कामगार म्हणत नाही, तो शेतीपंपाच्या रात्रीच्या लाइटीची वाट पाहणारा शेतकरीही वस्तुतः रात्रपाळीच करीत असतो.

पाळी शरीरास कशी जखडते ह्याचे उदाहरण जिल्ह्यातील तरुणांतच दिसते. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यांवर धावणारी मुले मराठवाड्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतात. १६०० मीटरची धाव काही सेकंदांनी कमी व्हावी म्हणून ती महिनोन्‌महिने घाम गाळतात. जागा थोड्या, उमेदवार उदंड. ज्यांची निवड होत नाही त्यांतील कित्येक वाळूज, चाकण, रांजणगाव ह्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगार म्हणून जातात, किंवा गावातच रक्षकाचा गणवेश अंगावर चढवितात. तेथे पाळी सुरू होते आणि अल्पावधीतच त्यांचे धावणे बंद पडते. ह्या तरुणांच्या अंगी आळस एकाएकी कोठून आला? आळस आलेला नाही. त्यांची पहाट विकली गेली आहे.

बसून करावयाच्या कामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे सत्तर वर्षांपूर्वीच ठाऊक झाले आहे. जेरी मॉरिस ह्या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास करून १९५३ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. चालक आणि वाहक एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच पाळीत काम करीत. परंतु दुमजली गाडीचा जिना दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा जागेवर खिळलेल्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. ‘काम’ ह्या एकाच शब्दाखाली किती भिन्न गोष्टी दडलेल्या असतात, हे ह्या अभ्यासाने जगास दाखविले. परभणीच्या आगारातील चालकाची स्थिती लंडनच्या त्या चालकाहून बरी नाही. खड्ड्यांचे रस्ते, उन्हाळ्यात तापलेले इंजिन, मुक्कामाच्या गावी बहुधा गाडीतच घेतलेली झोप आणि पहाटे पुन्हा स्टिअरिंग, असा त्याचा क्रम असतो. गाडी विनावाहक केली म्हणजे महामंडळाचा एका माणसाचा पगार वाचतो; पण तिकिटाचेही काम बसल्या जागी चालकावर आले, तर त्याच्या उरल्यासुरल्या विसाव्यालाही कात्री लागते.

मग जे बसत नाहीत, राबतात, त्यांचे तरी शरीर धडधाकट असावे, अशी समजूत आहे. हमालास आणि ऊसतोड कामगारास व्यायामाची काय गरज, असा प्रश्न पुष्कळदा सद्‌हेतूनेही विचारला जातो. ही समजूत अपुरी आहे. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १७ अभ्यासांतील सुमारे १,९४,००० माणसांची माहिती एकत्र तपासण्यात आली. कामावर जड शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका, हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळला. स्त्रियांच्या बाबतीत असा निष्कर्ष निघाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. ह्यामागील कारणे संशोधक सांगतात ती अशी : फावल्या वेळातील हालचाल थोडा काळ टिकते, हृदयाची गती वाढविते आणि नंतर विश्रांती देते. कामावरील श्रम तासन्‌तास चालतात, एकाच स्नायूवर ताण आणतात, रक्तदाब दीर्घकाळ चढता ठेवतात आणि विश्रांतीची वेळ मुकादम ठरवितो. शरीर तेच असते. थांबण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, एवढाच फरक असतो. आणि तोच निर्णायक ठरतो.

ह्यात रात्र मिसळली म्हणजे हानी दुणावते. मानवी शरीरातील जैविक घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या संशोधनास २०१७ सालचा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार मिळाला. रात्री शरीर झोपेच्या तयारीत असते. त्या वेळी घेतलेल्या अन्नातील साखर रक्तातून दिवसाइतक्या सुलभतेने हटत नाही. म्हणूनच रात्री दोन वाजता खुर्चीत बसून चहा-बिस्किटांवर जागणाऱ्या रक्षकाचे बसणे आणि दुपारी दोन वाजता कचेरीत बसणाऱ्या कारकुनाचे बसणे ह्यांची तुलना होऊ शकत नाही. १९७६ पासून चाललेल्या, अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासात असे आढळले की, फिरत्या रात्रपाळीची वर्षे जसजशी वाढतात तसतसा मधुमेहाचा धोका वाढतो. आणि ह्या वाढीचा काही भाग वजनवाढीमुळे असतो. कर्करोगाविषयी संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ ह्या वर्गात केला, आणि २०१९ मध्ये पुनर्विचार करूनही तो निष्कर्ष कायम ठेवला.

रात्रपाळीनंतर दिवसा झोप घ्यावी, असा उपाय सांगितला जातो. मे महिन्यात परभणीचा पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. पत्र्याच्या खोलीत, वीज जात-येत असताना, मुलाबाळांच्या वावरात रात्रपाळीचा कामगार किती झोपणार? तीन-चार तासांची तुटक झोप घेऊन तो पुन्हा कामावर जातो. अर्धवट झोपलेल्या माणसाने संध्याकाळी मैदानावर जावे ही अपेक्षाच क्रूर आहे. सुट्टीचा दिवस येतो तोही झोपेचे कर्ज फेडण्यात जातो.

येथे एका गोष्टीचा प्रामाणिकपणे उल्लेख करावयास हवा. पाळीत काम करणारे लोक दिवसपाळीवाल्यांपेक्षा नेहमीच कमी हालचाल करतात, असे सर्व अभ्यासांत आढळलेले नाही. कित्येक ठिकाणी दोघांची एकूण हालचाल जवळपास सारखी भरते. वॉर्डात चालणारी परिचारिका तर कारकुनापेक्षा अधिक पावले टाकते. परंतु त्यामुळे प्रश्न सुटत नाही, तो अधिक स्पष्ट होतो. हालचाल केवळ पावलांच्या संख्येत मोजून भागत नाही. ती केव्हा झाली, कोणाच्या हुकमाने झाली आणि तिच्यामागून विश्रांती आली की नाही, हे पाहावे लागते. ज्यास आपल्या वेळेवर चालता येते आणि आपल्या वेळेवर थांबता येते, त्याचे चालणे आरोग्य देते. तो अधिकार पाळीने काढून घेतला की बसणेही बाधते आणि राबणेही बाधते.

स्त्री-कामगारांच्या बाबतीत हा अधिकार दोनदा हिरावला जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्री कामास लावण्यावर बंधन घातले होते. नव्या संहितेने त्यांच्या संमतीने रात्रपाळीचे दार उघडले आहे. समान संधीच्या दृष्टीने त्याचे स्वागत करता येईल. परंतु रात्रपाळी करून सकाळी घरी आलेली परिचारिका झोपावयास जाते की चुलीपाशी, हे प्रत्येक घरास ठाऊक आहे. तिच्या घरातील पाळी कोणत्याही हजेरीबुकात नोंदलेली नसते. घरकामाची वाटणी होत नाही आणि रात्री सुरक्षित वाहतूक मिळत नाही, तोवर ‘संमती’ हा शब्द कागदावरच राहील.

शेतकऱ्याच्या रात्रपाळीविषयी तर कायदा बोलतच नाही. जायकवाडीचा डावा कालवा, येलदरीचे पाणी, निम्न दुधना प्रकल्प, गोदावरीवरील बंधारे ह्यांनी जिल्ह्याच्या बऱ्याच भागास ओलित दिले. पण पंपाची वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आली. रात्रीची लाइट आली की हातात विजेरी घेऊन चिखलातून दारे धरावयाची, साप-विंचवाचे भय सोसावयाचे आणि दिवस उजाडला की पुन्हा फवारणी, वेचणी, बाजार. हे फिरत्या पाळीचे वेळापत्रक कोणत्याही कारखान्यापेक्षा कठोर आहे. कारण येथे साप्ताहिक सुट्टी नाही आणि भत्ताही नाही. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्याने विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागील दिवसा वीज देण्याचे तत्त्व योग्य आहे. ज्या वाहिन्या सौर झाल्या तेथील शेतकऱ्यास रात्रीची झोप परत मिळते. म्हणून ह्या योजनेकडे विजेच्या हिशेबाबरोबरच आरोग्याच्या दृष्टीनेही पाहावयास हवे, आणि मागे राहिलेल्या वाहिन्यांची यादी ग्रामसभांनी मागावयास हवी.

कामाच्या तासांचा लढा महाराष्ट्रास नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या हजारो सह्या गोळा करून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सूर्यास्तास काम बंद, अशा मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी पदरात पडावयास १८९० साल उजाडले. मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मांडलेल्या विधेयकाने १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९७३ साली रेल्वेच्या इंजिन कर्मचाऱ्यांनी संप करून दहा तासांच्या ड्यूटीच्या मर्यादेचे आश्वासन मिळविले. ८ मे १९७४ पासून तीन आठवडे चाललेल्या रेल्वे संपातही आठ तासांच्या कामाची मागणी होतीच. तो संप सरकारने चिरडला. मागणीतील सत्य मात्र चिरडले गेले नाही. ह्या सर्व लढ्यांत एक सूत्र समान आहे. कामगाराने पैशांइतकाच वेळ मागितला, कारण वेळ मिळाल्यावाचून माणूस म्हणून जगता येत नाही.

नंतरच्या काळात ह्या सूत्राचा विसर पडला, हे कामगार चळवळीनेही मान्य केले पाहिजे. पुष्कळ करारांत रात्रपाळीच्या प्रश्नाची बोळवण भत्त्यावर झाली. काही रुपये अधिक मिळाले आणि आरोग्याची किंमत चुकती झाली, असे दोन्ही पक्षांनी मानले. कुटुंबाची गरज मोठी असते म्हणून कामगार स्वतःच डबल ड्यूटी मागून घेतो, हेही खरे आहे. परंतु ज्यास आठ तासांच्या वेतनात घर चालविता येत नाही, त्याने मागितलेल्या ओव्हरटाइमला स्वेच्छा म्हणता येणार नाही. वेतनाचा प्रश्न आणि तासांचा प्रश्न म्हणूनच एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

बारा तासांच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की, आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहणार, म्हणजे चार दिवस काम आणि तीन दिवस आराम. हिशेब आकर्षक आहे. पण ज्या कंत्राटी कामगारास कामावरून कमी होण्याचे भय रोज आहे, तो उरलेल्या तीन दिवसांतील एका दिवशी ओव्हरटाइमला नकार कसा देणार? तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ह्याच निर्णयात वाढविली आहे, ती कशासाठी? शिवाय शरीराचा हिशेब आठवड्याने होत नाही, रोज होतो. बारा तास काम, त्यात जाण्या-येण्याचा वेळ आणि घरची कामे मिळविली म्हणजे झोपेसाठी सहा तास उरणेही कठीण. चार दिवस शरीर मोडून तीन दिवसांत ते जोडता येते, असे कोणत्याही वैद्यकाने सांगितलेले नाही.

मागण्या ह्या पार्श्वभूमीवर ठरविल्या पाहिजेत. दैनंदिन मर्यादा नऊ तासांच्या वर जाऊ नये, ही पहिली. दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती मिळावी, ही दुसरी; युरोपीय संघाच्या देशांत तसा नियम आहे. पाळ्यांचे पत्रक किमान महिनाभर आधी लागावे, आणि पाळी फिरवावयाची तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने फिरावी. उलट क्रम शरीरास अधिक जाचतो. रात्रीच्या बैठ्या कामात ठरावीक वेळाने उठून चालण्याची मुभा असावी आणि त्यासाठी एका जागी दोन माणसे नेमावीत. जड कामात बसण्याची व निजण्याची जागा असावी. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांना गाडीबाहेर झोपण्याची स्वच्छ सोय ग्रामपंचायत आणि महामंडळ ह्यांनी मिळून करावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रकाम करारात रात्रपाळीच्या कामगारास विनामूल्य आरोग्य तपासणीची, आणि प्रकृतीमुळे रात्रीचे काम झेपत नसल्यास दिवसाच्या कामावर बदली मिळण्याची तरतूद आहे. भारताने ह्या कराराचा स्वीकार करावा. क्रीडांगणेही केवळ सकाळ-संध्याकाळ मोकळ्या असणाऱ्यांसाठी नसावीत. तालुक्याच्या गावी दिवसभर उघडे, सावलीचे आणि रात्री उजेडाचे मैदान असणे ही चैन नव्हे.

ह्या मागण्या मुंबईच्या सभेत ठराव करून पुऱ्या होणार नाहीत. त्यांची सुरुवात तालुक्यातच करावी लागेल, आणि ती कार्यकर्त्यांना लगेच करता येण्यासारखी आहे. प्रत्येक गावातील पाळीने काम करणाऱ्यांची एक वही तयार करावी. कोण किती वाजता कामावर जातो, किती वाजता परततो, किती तास झोपतो, गेल्या महिन्यात किती सुट्ट्या मिळाल्या आणि रात्रीच्या लाइटीवर किती दिवस दारे धरली, एवढेच त्यात लिहावे. नावे लिहिण्याची गरज नाही. रोजगार जाण्याचे भय त्यामुळे राहणार नाही. जिनिंगचा हंगाम आणि उसाचा गाळप हंगाम ह्या दिवसांत ही नोंद विशेष काळजीने व्हावी. बैठकाही नेहमी रात्री आठ वाजताच का घ्याव्यात? त्या वेळी दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रावर असतो आणि रात्रपाळीचा डबा भरत असतो. त्याला भेटावयाचे तर पहाटे आगाराच्या फाटकापाशी, दुपारी दवाखान्याच्या आवारात जावे लागेल.

अशा शंभर वह्या जमल्या म्हणजे कामगार आयुक्तांपुढे आणि विधिमंडळापुढे ठेवण्यास पुरावा हाती येईल. कामगाराने सुदृढ राहावे असे शासनास मनापासून वाटत असेल, तर चालण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्याने ह्या वह्या वाचाव्यात आणि त्यास चालावयास वेळ द्यावा.